कॅटफिशच्या तेलातली काकडी

सासूबाई शाकाहारी, त्यामुळे त्या इथे आल्यापासून हॉटेलात मेन्यूकार्ड उघडायच्या आधी तेलाची चौकशी होते. आम्ही दोघं सगळं खातो, त्यामुळे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात राहून हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. परवा तळलेली पिकल्स, म्हणजे खारातल्या काकडीच्या तळलेल्या चकत्या, मागवली आणि सहज विचारलं. जेमतेम विशीतली वेट्रेस, पण आत जाऊन खात्री करून आली. सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हनी, याच तेलात कॅटफिशही तळतात. तुम्ही नका खाऊ." बिलातून ती डिश काढलीही.

"ही मला हनी का म्हणतेय गं?" सासूबाई.

"आई, इथे सगळ्यांनाच म्हणतात."

पुण्यात कुणी गल्ला सोडून असं आत बघायला गेलं असतं का? नसतं गेलं. पण पुण्यात ती वेळच येत नाही, दारावरच 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेलं असतं. असो.

तर हा पदार्थ इथलाच. ॲटकिन्स नावाचं छोटं गाव आहे, लिटल रॉकहून फोर्ट स्मिथकडे जाताना लागतं. तिथे पिकल्सचा कारखाना होता आणि समोर 'डचेस ड्राइव्ह-इन' हे खाण्याचं ठिकाण. त्याचे मालक बर्नेल ऑस्टिन, ज्यांना सगळे 'फॅटमन' म्हणत, त्यांनी 1963 मध्ये शेपूच्या आंबट खारात मुरलेल्या काकडीच्या चकत्या तळून विकायला सुरुवात केली. कारखाना बंद पडला, पण गावात दर मे महिन्यात पिकलफेस्ट भरतो. मूळ कृती ऑस्टिन कुटुंबाने अजून कुणाला दिलेली नाही.

मग मी घरीच करायला घेतली. भज्यांच्या देशातून आलेल्या बाईला तळणीचं काय शिकवायचं, असा माझा रुबाब होता. आणि खरं सांगते, तो अगदीच पोकळ नव्हता.

सगळी मेख पाण्यात आहे. चकत्या खारातून काढून पेपर टॉवेलवर पसरायच्या, वरून दुसरा टॉवेल दाबायचा, अर्धा तास तसंच ठेवायचं. ओल राहिली की तेलात त्याची वाफ होते, आवरण फुगून सुटतं, वर तेल हातावर उडतं ते वेगळंच. नंतर कोरड्या मैद्यात घोळवायच्या, मग बटरमिल्कमध्ये बुडवायच्या. इथलं बटरमिल्क आपल्या ताकासारखं पातळ नसतं, घुसळलेल्या दह्याइतकं दाट असतं, म्हणून अंड्याची गरज पडत नाही. शेवटी मक्याचं रवाळ पीठ, तिखट, लसणाची पूड. मीठ अजिबात नाही, काकडीत आधीच भरपूर आहे. तेल 190 अंश सेल्सिअसच्या आसपास. थोड्या थोड्याच टाकायच्या, नाहीतर तेल गार होतं आणि काकडी ते पीत बसते. दोन-तीन मिनिटांत सोनेरी होतात. काढून जाळीवर ठेवायच्या. कागदावर ठेवल्या की खालची बाजू मऊ पडते.

मी मक्याच्या पिठात निम्मं तांदळाचं पीठ घातलं. शेजारीण म्हणाली, हे सदर्न, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, नाही. अमेरिकेत सर्वांत जास्त तांदूळ याच राज्यात पिकतो, मग तांदळाचं पीठ परकं कसं? तिचं काही उत्तर नव्हतं, पण तिने खाल्लं भरपूर.

खरा वैताग रँचचा. मेयोनेज, बटरमिल्क, लसूण आणि वाळलेला पाला यांचं हे पांढरं सॉस नावारूपाला आलं कॅलिफोर्नियात, पण इथली माणसं ते स्वतःचं कुलदैवत असल्यासारखं वागवतात. पिझ्झा रँचमध्ये, चिकन रँचमध्ये, कच्चं गाजर रँचमध्ये. मुलाच्या डब्यात मी पराठा दिला तर त्याने तोही कुणाच्या तरी रँचमध्ये बुडवून खाल्ला आणि घरी येऊन मलाच सांगितलं, "आई, आता चांगला लागतो." एवढं आंबट, खारट, कुरकुरीत काहीतरी तोंडात असताना त्यावर गारढोण मेयोनेजचा लेप कशाला? जिभेला काही कळू द्यायचंच नाही का? हो, आपणही वडापावला दोन-तीन चटण्या फासतो, पण त्या चटण्यांना चव असते. शिवाय मेयोनेजमध्ये अंडं, म्हणजे सासूबाईंना तेही बाद.

मी दही टांगून चक्का केला, त्यात पुदिना, हिरवी मिरची, लसूण वाटून घातलं. सासूबाईंनी एक चकती खाल्ली, मग दुसरी. म्हणाल्या, "काकडी शिळी वाटते, पण बाहेरचं छान झालंय." त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळच.

शेजारणीला चक्क्याची वाटी पुढे केली. तिने बोटाने चाखली, "ओह, नाइस" म्हणाली, आणि घरी जाऊन रँचची बाटली घेऊन आली.