आईच्या हाताखालचा रिक्रूट

१६ डिसेंबर, सोमवार. रात्री.

आमच्या गावात मिलिटरीतून आलेला प्रत्येक जण मेजर. शिपाई म्हणून पेन्शनीत आला तरी मेजर, सुभेदार म्हणून आला तरी मेजर. आप्पा, म्हणजे माझे वडील, हवालदार होते, म्हणजे तेही मेजरच. उद्या खराखुरा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न अजून कुणाला पडलेला नाही.

आज विजय दिवस. शाळेत सत्कार झाला. १९७१ ची लढाई बघितलेले गावात आता दोघेच उरलेत, त्यातले एक आप्पा. शाल, श्रीफळ, पोरांच्या टाळ्या. पाहुण्यांनी भाषणात ढाक्याचं रेसकोर्स मैदान, जनरल नियाझी, जनरल अरोरा, ९३ हजार युद्धकैदी असं सगळं घेतलं, आणि दर वाक्याला आप्पांकडे बघत होते. नियाझींनी शरणागतीवर सही केली ती आप्पांच्याच पेनानं, असं वाटायला लागलं. आप्पा मेडलं लावून ताठ बसलेले. ऐंशीला टेकलेत, पण खुर्चीला पाठ लावत नाहीत. आई मागं बायकांत बसली होती. तिचं लक्ष भाषणात कमी आणि आभाळात जास्त. कालपासून ढगाळ आहे. घरी येताना एवढंच म्हणाली, "असंच ऱ्हायलं तर कांद्यावर करपा येतोय बघ."

आप्पांची लढाई गावात सगळ्यांना पाठ आहे. आईचं मात्र कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून आज वही काढली.

पण आधी आप्पांचं लिहिते, नाहीतर ते रुसतील. ते १ मराठाचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पल्टणीचे. जंगी पल्टण. चीनच्या लढाईनंतर फौज वाढवायची म्हणून जिकडंतिकडं भरती चालली होती, त्यात १९६४ ला बेळगावला दाखल झाले. ७१ ला पल्टण मेघालयाकडून खाली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात उतरली, ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेरांनी आत अडकलेल्या पाकिस्तानी पल्टणीच्या, ३१ बलुचच्या, कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. त्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. दुसऱ्या दिवशी, १० तारखेच्या रात्री ते बाहेर पडायला निघाले आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. सकाळपर्यंत खेळ संपला होता. ११ तारखेला जमालपूर पडलं. पुढे टांगाईलजवळ त्यांना छत्रीनं उतरलेले २ पॅराचे लोक भेटले. ही पल्टण मुळातली ३ मराठा. आप्पा म्हणतात, "आपलीच मानसं आभाळातनं उतरल्ती."

चिठ्ठीचं आणि गोळीचं मी नंतर वाचलं. आप्पांना त्या वेळी यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, इथं खड्डा खणा आणि इथंच बसा.

मेल्यामारल्याचं ते बोलत नाहीत. आम्हीही विचारत नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलेली गोष्ट एकच, भाताची. डिसेंबर म्हणजे तिकडं आमन भाताच्या काढणीचे दिवस. लोक जीव घेऊन भारतात पळालेले, एक कोटीच्या आसपास माणसं तेव्हा इकडं आली होती. गावंच्या गावं ओस. आप्पा ज्या खाचरात पडून होते तिथलं भात पिकून, वाकून, दाणा गळायला लागलेलं. जरा कूस बदलली की कानाशी टपटप दाणे. "एवढं सोन्यासारखं पीक, आन कापनारा कुनी न्हाय," असं म्हणून ते गप्प होतात. गोळीबाराचं सांगताना ते कधी असे थांबत नाहीत.

आता आई.

लग्न १९६८ चं. आई तेव्हा सतरा-अठराची. पुढच्याच वर्षी आजोबा वारले. घरात सासू, एक दीर शाळेत जाणारा, आणि कागदावर सोळा एकर, त्यातला निम्मा माळ. आप्पा वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचे, ट्रंक ठेवायचे, चार लोकांना भेटायचे, जत्रा करायचे आणि जायचे. शेत आईनं बघितलं. माण तालुक्यात शेत बघणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाऊस वर्षाला साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीनं.

लढाई संपली डिसेंबर ७१ ला. आणि आपल्याकडं ७२ उजाडलं. आधीची दोन सालंही अर्धवटच गेली होती, ७२ ला तर पाऊस आलाच नाही. विहिरीत घागर बुडेना. आई पाझर तलावाच्या कामावर गेली. खडी फोडली, माती वाहिली. दादा दोन वर्षांचा, त्याला बांधावर झोळीत टाकून. सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो, म्हणजे बाहेरनं आलेली लाल ज्वारी, मिळायची. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की आई आजही तोंड वाकडं करते. माणसं म्हणायची, नवरा लढाई जिंकून आलाय आणि बायको खडी फोडतीय. आई म्हणायची, ते त्येंच्या कामावर, मी माझ्या.

आप्पांनी मनीऑर्डरीच्या मागोमाग पत्र पाठवलं: बैल विकून टाक, चारा कुठून आणशील. गावात तेव्हा बैल मातीमोलानं जात होते. पत्र शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवलं. उत्तरही त्यांच्याकडूनच लिहून घेतलं: सासूबाईंची तब्येत बरी आहे, दादा चालायला लागला, पाऊस नाही, काळजी करू नये. बैलांचा शब्द नाही. पुढच्या साली आप्पा सुट्टीवर आले तर दावणीला दोन्ही बैल उभे. मनीऑर्डरीचा जवळजवळ सगळा पैसा कडब्यात घातला होता तिनं. ७३ ला पाऊस झाला तेव्हा आमच्या आळीत पेरायला बैल होते ते आमचेच, बाकीच्यांना भाड्यानं दिले. फौजेत हुकूम मोडला तर काय होतं ते आप्पा चांगलं जाणून. इथं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

ते पेन्शनीत आले १९८१ ला. वय छत्तीस. बरोबरीचे बरेच जण बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, कुणी साखर कारखान्यात वॉचमन झाले. आप्पा म्हणाले, आता कुणाला सलाम ठोकायचा नाही, शेती करणार. झालं. दुसऱ्या दिवशीपासून आईच्या हाताखाली भरती.

बांधाची गोष्ट मला स्वतःला आठवते, मी सात-आठ वर्षांची होते. वरच्या रानात पाणी अडवायला बांध घालायचा होता. आप्पांनी दोरी लावली, खुंट्या मारल्या, आणि कवायतीच्या मैदानावर चुन्याची रेघ मारावी तसा सरळ बांध घातला. खोदायला काय, मोर्चे खणून हात सरावलेले. लोक बघायला आले. आई कडेला उभी राहून म्हणाली, "आवो, पानी वाकडं चालतंय. बांद बी वाकडाच घालाय लागतोय."

आप्पा म्हणाले, "लाइन सीधी पाहिजे."

मृगाचा पहिलाच दणका आला आणि बांध बरोबर मधून फुटला. वर उताराला पाणी जिथं गोळा होत होतं, तिथंच. मग आई पुढं, आप्पा मागं. ती नुसती चालत गेली, मध्ये थांबायची, खाली बसून बघायची, पायानं खूण करायची. आप्पा त्या खुणेवर कुदळ मारत गेले. तो बांध सापासारखा वळत गेलाय. पुढं २०१६ नंतर पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेच्या वेळी गावानं समतल चर खणले, तेव्हा पोरांनी पातळी मोजायचा ए-आकाराचा सांगाडा घेऊन समपातळी काढली. आमच्या रानात त्यांची रेघ आईच्या बांधाला जवळजवळ चिकटून गेली. आप्पांनी तेव्हा सगळ्या पोरांना बोलावून दाखवलं. मला वाटतं, त्यांनी आईचं चारचौघांत केलेलं कौतुक तेवढंच.

आप्पांना शेती आली नाही असं मात्र नाही. उलट, डाळिंब त्यांचंच. नव्वदच्या दशकात आमच्याकडं डाळिंबाची लाट आली, तेव्हा त्यांनी दीड एकर बाग लावली. त्यात त्यांची फौजी शिस्त कामाला आली. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती लिटर, वारा होता की नाही, सगळं लाल वहीत. ताण, म्हणजे बहराआधी झाडाचं बंद ठेवलेलं पाणी, कधी तोडायचा एवढं फक्त आईला विचारायचे, कारण पान कितपत गळालं की झाड तयार झालं हे वहीत बसत नव्हतं. काही सालं फार चांगली गेली. ह्या घराचा स्लॅब, माझं बीएड, दादाची मोटारसायकल, सगळं डाळिंबाचं.

मग तेल्या रोग आला. फळावर तेलकट काळा डाग, मग त्या डागाला चीर, आणि झाडच्या झाड जायचं. सगळ्या पट्ट्यात तेच झालं. औषधं मारून मारून थकले, शेवटी बाग काढली. मजूर लावले नाहीत. एकेक झाड स्वतः खणून काढलं, ढीग करून पेटवलं. लाल वही त्यात टाकली का, माहीत नाही, पण नंतर कधी दिसली नाही. जमालपूरचं विचारलं तर आप्पा तासभर बोलतील. बागेचं विचारलं तर उठून जनावरांकडं जातात.

गेल्या महिन्यात हयातीच्या दाखल्याला त्यांना घेऊन गेले होते. यंत्रावर अंगठा उठेना. दुसरा उठेना. एकेक बोट करून दहाही झाली. कातडी इतकी घासून गेलीय की रेषाच उरल्या नाहीत. शेवटी तिथल्या पोरानं मोबाईलवर चेहरा दाखवून काम केलं. घरी आल्यावर आईला सांगितलं तर म्हणाली, "सतरा वर्सं बंदूक धरली तवा न्हाय गेल्या. माझ्या रानात गेल्या." आणि हे तिनं इतक्या समाधानानं सांगितलं की आप्पा हसलेच.

१७ डिसेंबर, मंगळवार.

सकाळी आभाळ मोकळं झालं. आई खूश.

कालच्या सत्काराचा परिणाम भाच्यावर झालाय. दादाचा धाकटा, अग्निवीरची तयारी करतोय. पहाटे डांबरीवर पळतो, सोळाशे मीटर किती मिनिटांत झालं ते सगळ्यांना उठवून सांगतो. आज जेवताना विषय निघाला. चार वर्षं नोकरी, त्यातल्या शंभरातल्या पंचवीस जणांना पुढं ठेवणार. आप्पांना ते पटत नाही. पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, ही कसली फौज, असं म्हणतात. पण पहाटे पोरगं पळायला निघालं की शिट्टी घेऊन रस्त्याच्या कडेला हेच उभे असतात. दादा म्हणतो, चार वर्षांत जे पैसे मिळतील त्यातून ठिबक करू, मग आहेच शेती. भाचा म्हणाला, "आजोबांसारखंच. आधी फौज, मग शेती."

आई ताटात भाकरी वाढत होती, ती थांबली.

"आजोबा फौजंत हुते तवा रान कोन बघत हुतं?"

"तू."

"मग तू फौजंत असताना कोन बघनार? तुजी बायको?"

भाचा लाजला. म्हणाला, अजून मुलगी कुठं बघितलीय.

"मग बघाय गेल्यावर," आई म्हणाली, "पयलं तिला सांग, रान किती हाय ते."