यो-यो मागणारी मुलगी
आज दुपारी हिरोशी तेशिगाहारा यांचा १९६६ चा जपानी चित्रपट ‘द फेस ऑफ अनदर’ पाहताना एका प्रसंगापाशी मी थांबले आणि तो पुन्हा लावून पाहिला.

अपघातात चेहरा जळालेला ओकुयामा एकाच इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेतो, एक चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळून आणि दुसरी मुखवटा लावून. व्यवस्थापकाला संशय येत नाही. त्याची बुद्धीने मंद समजली जाणारी मुलगी मात्र दोघांना एकच माणूस मानते आणि त्याच्याकडे आपला यो-यो मागते. मानसोपचारतज्ज्ञाने इतक्या निगुतीने घडवलेला तो चेहरा तिच्यापुढे क्षणभरही टिकत नाही.

पुढे तो परका पुरुष होऊन स्वतःच्याच पत्नीला मोहात पाडतो, आणि ती (माचिको क्यो यांनी किती संयमाने साकारली आहे!) सांगते की तिने त्याला पहिल्यापासूनच ओळखले होते.

याच चित्रपटात चेहऱ्याची एक बाजू व्रणांनी भरलेली तरुणीही आहे, नागासाकीची जखम वागवणारी. तिच्याजवळ मुखवटा नाही. मग तिच्याकडे पाहणाऱ्यांना त्या व्रणापलीकडची ती का दिसत नाही?