ऊन ठरवील ती तारीख

तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरतात, वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा होतात आणि पाऊस तोंडावर आला की कनाती गुंडाळून मंडळी घरी परततात. सातारा जिल्ह्यात लहानाची मोठी झाल्यामुळे हे वेळापत्रक माझ्या अंगात मुरलेलं होतं. गंमत अशी की ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहायला आल्यावर ते बदलावं लागलं नाही. इथेही ऑक्टोबरात, म्हणजे साधारण दसऱ्याच्याच सुमाराला, तंबू आणि दिव्यांच्या माळा बाहेर निघतात. चित्रांची प्रदर्शनं, रस्त्यावरचे बाजार, उघड्यावरच्या मैफली असं सगळं एप्रिलपर्यंत जोरात चालतं आणि मे लागला की आवराआवर. तिकडे कलाकारांना पाऊस घरी धाडतो, इकडे ऊन.

ऊन म्हणजे साधंसुधं नव्हे. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस इथला पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ४३ अंशांपलीकडे जात होता. असल्या दिवसांत सीटबेल्टचं बक्कलसुद्धा पोळतं. कुत्री फिरवायची ती पहाटे पाचला, आणि बाकी दिवस घर-गाडी-ऑफिस-गाडी-घर. सासूबाई पहिल्यांदा आल्या त्या नेमक्या मे महिन्यात. खिडकीत खुर्ची टाकून त्यांनी रस्त्यावर नजर ठेवली, गाड्या मोजल्या आणि संध्याकाळी मला विचारलं, "अगं, या गावात माणसं राहतात ना नक्की?" आसपासची उपनगरं धरून पन्नास लाखांच्या घरात लोकवस्ती आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला.

उन्हाळ्यात कलेची गोडी लागते ती एसीमुळे, हे माझं प्रामाणिक मत. फिनिक्स आर्ट म्यूझियममध्ये बुधवारी संध्याकाळी तिकिटाचे पैसे आपल्या खुशीनं द्यायचे असतात. अशाच एका बुधवारी मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, तिथे घेऊन गेले. जपानी कलावती यायोई कुसामा यांची एक अंधारी खोली तिथे आहे. भिंतींना आरसे, आणि वरून लोंबणारे असंख्य बारीक दिवे हळूहळू रंग बदलत राहतात. कलाकृतीच्या लांबलचक नावातच काजव्यांचा थवा आहे. माणूस तिथे अनंतात विरघळतो वगैरे म्हणतात. प्रत्यक्षात सगळे हात पुढे करून चाचपडत चालतात, कुणाला तरी धडकून 'सॉरी' म्हणतात आणि मग लक्षात येतं की आपण आरशाची माफी मागितली. आईंनी माझी ओढणी घट्ट धरून ठेवली होती. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "छान आहे. पण भंडारदऱ्याला जूनच्या तोंडाला खरे काजवे दिसतात, आणि तिथे अंगावर आरसा येत नाही."

उन्हाला न जुमानणारा एकच, गणपती. तो ऑगस्ट-सप्टेंबरात यायचा म्हणजे येतोच. शाळेचं सभागृह भाड्यानं घेऊन मराठी मंडळी आत एसीत आरत्या म्हणतात, पण ढोल-ताशा आत वाजवता येत नाही. मग सूर्य बुडाल्यावर पार्किंगमध्ये, दिवसभर तापलेल्या डांबरावर, पथक उभं राहतं. नऊवारीतल्या मुली, कमरेला ढोल आणि बाजूला बर्फाच्या पेट्यांत पाण्याच्या बाटल्या. लेझीमची एक रांग थकली की दुसरी. पुण्यातल्या पथकांना पावसाची धास्ती असते, इथे चक्कर येऊन कोणी पडू नये याची.

खरा हंगाम सुरू झाल्यावर मात्र पहिला शुक्रवार चुकवायचा नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी भरणारा हा कलेचा मेळा, 'फर्स्ट फ्रायडे', तसा बारमाही आहे, पण उन्हाळ्यात रोडावतो आणि थंडीत ओसंडतो. जागा रूझवेल्ट रो, शहराच्या मध्यभागाजवळ. नव्वदच्या दशकात इथे बंद दुकानं आणि ओसाड घरं होती. भाडं कमी म्हणून चित्रकार आले, त्यांनी गॅलऱ्या थाटल्या, भिंती रंगवल्या. गल्लीचं नाव झालं. नाव झाल्यावर बिल्डर आले, टोलेजंग इमारती उठल्या, रंगवलेल्या काही भिंतीच पाडल्या गेल्या, आणि ज्यांच्यामुळे गल्ली नावारूपाला आली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तिथलं भाडं परवडेना. काहींनी पश्चिमेकडच्या ग्रँड अव्हेन्यूची वाट धरली. गिरणगाव पाहिलेल्यांना यात नवीन काही नाही.

पहिल्या शुक्रवारी फुटपाथवर घडीची टेबलं लागतात. एका टेबलापाशी मी नेहमी रेंगाळते. तिथला मुलगा लिनोलियमच्या तुकड्यावर हावेलिना कोरतो. हावेलिना म्हणजे रानडुकरासारखा दिसणारा इथला प्राणी, लोकांच्या अंगणातले भोपळे फस्त करणारा. मुलगा रूळ शाईत फिरवतो, ठशावरून नेतो, वर कापडी पिशवी पसरतो आणि चमच्याच्या पाठीनं घासत बसतो. पिशवी उचलली की हावेलिनाचे केस न् केस उमटलेले. त्याच्या शेजारी स्फटिक विकणारी बाई, पुढे मेणबत्त्या, पुढे हात पाहणारी, कोपऱ्यावर कर्णा घेऊन सगळ्यांना पापाची आठवण करून देणारा एक गृहस्थ. खरं सांगायचं तर तिथलं निम्मं सामान बेताचंच असतं. पण मी माणसं पाहायला जाते. हे गाव गाडीसाठी आखलेलं आहे. रस्ते सहा-सहा पदरी, दूध आणायचं तरी किल्ली घ्यावी लागते. असल्या गावात हजारो माणसं एकाच वेळी पायी, उगाचच, एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत चाललेली दिसणं यापेक्षा मोठी कलाकृती कुठल्या गॅलरीत असणार? आई दुसऱ्यांदा आल्या त्या जानेवारीत. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी त्यांना तिथे नेलं तर म्हणाल्या, "आत्ता पटलं."

तिथून दक्षिणेला थोडं चाललं की सिव्हिक स्पेस पार्क लागतो. तिथे आकाशात एक जाळं टांगलेलं आहे. अमेरिकन शिल्पकार जॅनेट एकलमन यांनी ते २००९ मध्ये केलं. उंची १४५ फूट, म्हणजे चांगली चौदा मजली इमारत. वारा आला की ते फुगतं, वळतं आणि रात्री त्यावर रंगीत प्रकाश सोडतात. आकार सवारो निवडुंगाच्या फुलावरून सुचलेला. ते फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटतं. म्हणजे या वाळवंटातलं फूलसुद्धा ऊन उतरल्यावरच कार्यक्रम सुरू करतं. मला जास्त आवडते ती या जाळ्याची मूळ कथा. एकलमन शिष्यवृत्तीवर भारतात आल्या होत्या, चित्रप्रदर्शन करायचं होतं, पण मागवलेले रंग पोचलेच नाहीत. मुक्काम महाबलीपुरमला. संध्याकाळी किनाऱ्यावर कोळी जाळी गोळा करून ढीग घालताना दिसायचे. एकलमनना वाटलं, शिल्प असंही करता येईल, वजनाशिवाय. समुद्र नसलेल्या गावात कोळ्यांचं जाळं कसं आलं, हे पाहुण्यांना सांगायला मला दर वेळी उत्साह असतो.

स्कॉट्सडेलचा गुरुवार वेगळा. शेजारचं हे गाव श्रीमंत, आणि तिथल्या गॅलऱ्या गुरुवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या असतात. घोडे, काउबॉय, सूर्यास्त, पुन्हा घोडे. ब्राँझचे घोडे तर इतके, की सगळे एकदम खिंकाळले तर पोलीस येतील. किमती पाहून मी हात पाठीमागे बांधून फिरते.

हर्ड म्यूझियम मात्र मनापासून. १९२९ मध्ये हर्ड दांपत्यानं सुरू केलेलं हे संग्रहालय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कलेसाठी आहे. १९९१ पासून दर फेब्रुवारीत तिथे रिंगांच्या नृत्याची जागतिक स्पर्धा भरते. हिरवळीवर ढोलवाले गोल बसतात. नर्तक जमिनीवरची रिंग पायाच्या बोटांनी उचलतो, गुडघ्यावरून, कमरेवरून, खांद्यावरून नेतो, दुसरी तिच्यात अडकवतो, तिसरी... बघता बघता पाठीवर गरुडाचे पंख पसरतात. ताल सुटू द्यायचा नाही आणि रिंग पडू द्यायची नाही. पडली की गुण गेले. अगदी चिमुरड्यांचाही गट असतो. एकाची रिंग गडगडत परीक्षकांपर्यंत गेली, तो तिच्यामागे धावला आणि तिथूनच नाचायला लागला. टाळ्या मात्र त्याला मोठ्यांपेक्षा जास्त पडल्या.

मार्चमध्ये तिथलाच बाजार, १९५८ पासूनचा. सहाशेच्या वर कलाकार आपापल्या वस्तू घेऊन स्वतः बसतात, मध्ये दलाल नाही. आईंचं माहेर कोल्हापूरचं, गुजरीत सोन्या-चांदीच्या दुकानांत वावरलेलं. त्यांनी एक चांदीचं कंकण उचललं, त्यातल्या फिरोज्याकडे पाहिलंही नाही, सरळ उलटं करून आतली बाजू निरखली. विकणारा नवाहो जमातीतला गृहस्थ हसला. आत ठोकलेला आपला शिक्का त्यानं दाखवला, खडा बसवायची पट्टी कशी वळवतात तेही बोटांनी करून दाखवलं. आईंनी मला मराठीत हुकूम सोडला, "तोळ्याचा भाव विचार." मी विचारलं. तो म्हणाला, वजनावर किंमत नाही, कामावर आहे. पट्टी, नक्षी, खडा घासणं, सगळं मिळून चार दिवस गेले.

"म्हणजे मजुरीच सगळी," आई म्हणाल्या. दोन्ही हातांत धरून त्यांनी कंकण पुन्हा एकदा फिरवून पाहिलं आणि एका पैशाचीही घासाघीस न करता पर्स उघडली. गाडीत बसल्यावर मला बजावलं, "कोल्हापुरात कुणाला सांगू नकोस हां, भाव न पाडता घेतलं म्हणून."