भुसावळची पश्चिमेची खिडकी

रोलर ब्लाइंड, म्हणजे वर नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, घ्यायचा म्हटलं की लोक आधी रंग विचारतात, मग भाव, आणि खिडकीच्या खाचेत आत लावायचा की खाचेबाहेर, खोलीतल्या भिंतीवर, हे सगळ्यात शेवटी. खरं तर तेच आधी ठरायला पाहिजे. मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात हेच काम करतो, आणि भुसावळमधल्या एका घरातली खिडकी अजून डोक्यातून जात नाहीये.

घर लोको पायलटचं. रात्रभर मालगाडी चालवून दादा सकाळी घरी येणार, दिवसा झोपणार, आणि बेडरूमची खिडकी नेमकी पश्चिमेला. मे महिना, पारा ४५ च्या आसपास. मी मापाला गेलो तेव्हा दादा ड्युटीवर, घरी वहिनी, दादांची आई आणि तीन वर्षांचा मुलगा. वहिनींनी ठरवूनच ठेवलेलं, आत लावा, कारण नुकतीच काळ्या ग्रॅनाइटची चौकट बसवली होती आणि ती झाकली जायला नको. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं, आत बसवलेला ब्लाइंड दिसतो देखणाच. आजी अमळनेरकडच्या, त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "भाऊ, त्याले झोप जोयजे, चौकट कोन देखस?"

आत लावायचं तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची आणि सगळ्यात कमी भरेल ती धरायची. इथे वर ४७ इंच २ सूत आणि खाली ४६ इंच ६ सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), नव्या घरात अर्ध्या इंचाचा फरक! प्लास्टर करताना गुणिया लावून काटकोन बघायचे कष्ट मिस्त्री लोक घेत नाहीत आणि ते सगळं शेवटी आमच्यावर येतं. त्यात ब्लाइंडचं कापड ब्रॅकेटच्या मापापेक्षा कमीच असतं, एका बाजूला साखळीचा गिअर आणि दुसऱ्या बाजूला पिन, दोन्हीकडे मिळून दीडेक इंच जातो. म्हणजे वरच्या भागात एकेका बाजूला जवळपास इंचभर फट. कापड पूर्ण ब्लॅकआऊट, म्हणजे आरपार उजेड न सोडणारं, असलं तरी उजेड कडेने येतोच, आणि दुकानात हातभर तुकडा दाखवून विकणारे हे सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो.

नुसतं बोलून पटत नाही म्हणून मी खाकी कागद काढला, काचेपुढे खाचेत चिकटवला आणि दोन्ही कडांना तेवढीच फट सोडली. दुपारचे चार वाजले होते, ऊन सरळ खिडकीवर. दार लावून आम्ही आत उभे राहिलो तर उजेडाची एक पट्टी भिंतीवरून उतरून बरोब्बर पलंगाच्या डोक्याच्या बाजूला. वहिनी उशीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे झोपतात तीच बाजू आहे. बाहेरूनच लावा."

बाहेरून लावायचं तर खिडकीच्या दोन्हीकडे तीन-चार इंच कापड जास्त पाहिजे, डावीकडे तेवढी जागा होती पण उजवीकडे दोन इंचांवर भिंतीतलं कपाट. इथे मला सुचलं त्याचा अजून आनंद आहे. साखळी डावीकडे घेतली, पिनची बाजू कपाटाला अगदी खेटवली, पिनकडे फट तशीही कमी असते आणि उरलेला उजेड कपाटाचं लाकूडच अडवतं. वरून उजेड सांडू नये म्हणून रोलवर ॲल्युमिनियमची कॅसेट, म्हणजे रोल झाकणारी पेटी.

फिटिंगच्या दिवशी वर लिंटलचं, म्हणजे खिडकीवरच्या तुळईचं, काँक्रीट लागलं, साधी ड्रिल तिथे चालत नाही, हॅमर ड्रिलच पाहिजे, एका भोकात सळई लागली तर हट्टाने तिथेच न घुसता अर्धा इंच सरकलो. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लग, ठोकून ब्रॅकेट बसवले की लेव्हल लावायचीच, चौकटीची रेष बघून बसवणारे फिटर मी बघितलेत आणि त्यांचे ब्लाइंड सहा महिन्यांत एका बाजूला सरकून कापडाची कड कुरतडून टाकतात.

आणि साखळी. तीन वर्षांचं पोर घरात आणि खाली लोंबणारा फास, कल्पनाही नको. पाकिटात साखळी ताणून भिंतीला धरायची क्लिप येते, युरोपात तर २०१४ पासून अशा सुरक्षेचे नियम कडक झालेत, आणि आपल्याकडे कितीतरी फिटर ती क्लिप कचऱ्यात टाकतात, दोन भोकं वाचवायला! मी क्लिप बसवल्याशिवाय घर सोडत नाही.

चार दिवसांनी दादांचा फोन, अंधार मस्त आहे, पण खोली तापतेच. ब्लॅकआऊटने गारवा येतो असं त्यांना कुठल्यातरी दुकानदाराने सांगितलेलं. कापडाची पांढरी पाठ काचेकडे ठेवली की थोडी उष्णता परत जाते, पण ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि तापलेला पडदा खोलीतच असतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. मापाच्या दिवशी मी वहिनींना हे बोललो होतो, पण तो निरोप ड्युटीवरच्या माणसापर्यंत पोचला नाही. तेच अजून खटकतंय. ज्याच्या झोपेसाठी एवढा खर्च तो माणूस माप घेताना घरी नसतो, आणि ठरवणाऱ्याला चौकट दिसते, दुपारचं ऊन नाही. आता मी माप घ्यायला जायच्या आधी विचारतो, खोलीत झोपतं कोण, त्यांच्याशी फोनवर बोलू द्या.

दादांना म्हटलं, केळीच्या रोपवाटिकेला लावतात ती ७५ टक्क्यांची शेडनेट कृषी केंद्रातून आणा आणि बाहेरून ग्रिलला बांधा. त्यांनी बांधली, फरक पडला म्हणाले, आणि लगेच हॉलसाठीही ब्लाइंडचं माप घ्यायला बोलावलं. हॉलची खिडकी पण पश्चिमेचीच, पण तिथे दिवसा कोणी झोपत नाही. मी सांगितलं, आधी तिथेही जाळी बांधा, उन्हाळा काढून बघा, ब्लाइंड लागलाच तर वहिनी म्हणतात तसा आत बसवू.