तळ्यातला तो

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज जेवताना दादाच्या मुलाने बहिणीला 'नार्सिसिस्ट' म्हटलं, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात पडलेली. गुन्हा काय, तर तिने ताटावर बसल्या बसल्या स्वतःचे सात-आठ सेल्फी काढले. ती फुरंगटली आणि वरणभात तसाच टाकून उठली. सगळे तिची समजूत काढत होते, मला मात्र हा शब्द ज्याच्या नावावरून आला, त्या ग्रीक पुराणकथेतल्या, पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससची कीव येत होती.

घरी येऊन रोमन कवी ओव्हिड उघडला. 'मेटामॉर्फोसेस', तिसरं पुस्तक. पोर जन्मल्यावर नार्सिससची आई लिरिओपी टायरेसियस या भविष्यवेत्त्याला विचारते, हा दीर्घायुषी होईल ना? तो म्हणतो, होईल, स्वतःला ओळखलं नाही तर! तिकडे ग्रीसमधल्या डेल्फीच्या मंदिरावर 'स्वतःला ओळख' असं कोरून ठेवलेलं, आणि इथे ओळखलं की मरण.

लोक विसरतात ते हे, की सोळा वर्षांच्या त्या पोराला पाण्यात आधी दुसराच कोणीतरी दिसतो. मी हसलो की हाही हसतो, मग बाहेर का येत नाही? 'तो मीच आहे' हे उमगतं नंतर, आणि उमगल्यावरही याचा पाय निघत नाही. 'तो मीच आहे' हे उमगतं नंतर, आणि उमगल्यावरही याचा पाय निघत नाही. याला आपण सरसकट गर्व म्हणून मोकळे झालो. गर्विष्ठ तो होताच म्हणा, त्याच्यावर जीव जडलेल्या एको या वनदेवीला त्याने झिडकारलं ते काही बरं केलं नाही. तिला बिचारीला शापामुळे दुसऱ्याचे शेवटचे शब्दच तेवढे बोलता यायचे.

पण मला जास्त आवडतो तो पॉसेनियस. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक प्रवासी थेस्पियाच्या मुलखात तो झरा दाखवतात तिथली हकिकत सांगतो आणि फटकारतो, की प्रेमात पडण्याच्या वयाच्या मुलाला माणूस कोणता आणि सावली कोणती हे कळू नये, हा शुद्ध मूर्खपणा! मग एक कमी माहितीतली कथा देतो. नार्सिससला जुळी बहीण होती. तसाच चेहरा, तसेच केस, तसेच कपडे, शिकारीलाही दोघं बरोबर. ती गेली. पाण्यात आपणच आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो झऱ्यावर जायचा. तेवढंच जरा बरं वाटायचं.

हे वाचत होते तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला, सातासमुद्रापलीकडून. बोलताना माझं लक्ष नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या माझ्याच चौकटीकडे. चष्मा कपाळावर सरकवला आणि चपापले. आई अशीच सरकवायची. वर पाहिलं, तर ताईचाही चष्मा कपाळावर.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"...लीस का?" फोनमधून माझाच आवाज परत आला.

"अगं, इको येतोय," ताई म्हणाली. "ठेव, मी परत लावते."