झाकण टाकवत नाही

खोकल्याचं औषध संपलं. बाटली कचऱ्यात गेली आणि भर दुपारी हातात उरलं ते मापाचं झाकण. अडीच, पाच, दहा मिलिलिटरच्या रेघा, तोंडाकडे किंचित पसरत गेलेला आकार, कडेला बारीक दाते. शहाण्या माणसाला त्यात झाकण दिसतं. विज्ञानकथांचं वेड लागलेल्याला ते आडवं धरलं की रॉकेटचं नॉझल, म्हणजे मागचं आग ओकणारं तोंड, दिसतं. आणि एकदा दिसलं की संपलंच. टाकवत नाही.

घरच्या भंगारातून अंतराळयानं बनवणाऱ्यांकडे एक डबा असतो. बहुतेक बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकण नीट न बसणारा. त्यात बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या, टूथपेस्टची टोपणं, मेलेल्या कीबोर्डची बटणं, घड्याळाची चाकं, डासांच्या मशीनच्या संपलेल्या बाटल्या आणि गोळ्या काढून घेतलेल्या स्ट्रिपा. या स्ट्रिपांचे फुगे म्हणजे तयार काचेचे घुमट, फक्त मागची चंदेरी फॉइल न फाटता सोलता आली पाहिजे. घरातले लोक या डब्याला ‘तुझा तो कचरा’ म्हणतात आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावर गंडांतर येतं.

पण हा कचरा खानदानी आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात नायकाच्या हातातल्या प्रकाशाच्या तलवारीची मूठ ही जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होती. १९८० च्या पुढच्या भागात सगळे जीव घेऊन पळत असताना एक इसम बगलेत चक्क आइस्क्रीमचा घरगुती पॉट मारून धावताना दिसतो. १९९९ च्या भागात एक ज्येष्ठ योद्धा ज्या यंत्रातून दूरवर बोलतो, ते बायकांच्या रेझरच्या मुठीवरून केलेलं आहे. सगळ्यात गोड गोष्ट ‘स्टार ट्रेक’ या मालिकेची. मिठावर जगणाऱ्या प्राण्याचा एक भाग होता. त्यासाठी कोणीतरी छान आधुनिक मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या आधुनिक निघाल्या की प्रेक्षकांना त्या मीठदाण्या आहेत हे कळणार नाही अशी भीती वाटली. मग पडद्यावर साध्या मीठदाण्या वापरल्या आणि त्या आधुनिक गेल्या जहाजावरच्या डॉक्टरकडे, शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून. तेविसाव्या शतकातली माणसं बरी झाली ती मीठदाण्यांनी.

मराठी मुलांना हे शिकवायलाच नको खरं तर. सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या किल्ल्यासाठी अंगणात, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात विटा-दगड रचायचे, चिखलात बुडवलेलं गोणपाट वर पसरायचं, माती लिंपायची, हळीव पेरायचे. तोफ म्हणजे पेनाची नळी. तळं म्हणजे फुटका आरसा, कडा मातीत दडवलेला. भुयार म्हणजे पावडरचा दोन्हीकडून कापलेला डबा, आणि त्यातून हात घालून पलीकडच्याच्या हाताला हात लागला की झालेला तो आनंद. हळीव दोन-तीन दिवसांत तरारून यायचे आणि किल्ल्याला जंगल मिळायचं. मग मावळे. मातीचे, रंगाचा वास येणारे. ते दरवाज्याच्या दीडपट उंच असायचे. माचीवर बसलेली भाजीवाली बुरुजाला टेकली की बुरूज ढासळायचा. वाघ हत्तीला भारी. आणि महाराज तर सिंहासनासकट बालेकिल्ल्यावर मावायचे नाहीत, पण त्यात कोणाला काही खटकलं नाही. महाराज मोठे दिसले तर त्यात चूक ती काय!

यानाला ही सूट नाही. यान खेळण्यासारखं दिसलं तर शंभरात नव्वद वेळा गडबड प्रमाणाची असते, रंगाची नव्हे. त्यामुळे आधी प्रमाण ठरवायचं आणि मगच डबा उघडायचा. माणूस १७० सेंटिमीटरचा धरला तर १:७२ ला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा केला तर, तो २४ मिलिमीटर भरतो, १:३५० ला जेमतेम ५. दोन मीटरचा दरवाजा १:७२ ला २८ मिलिमीटर, १:३५० ला ६, आणि १:१००० ला फक्त २. आता हे औषधाचं झाकण घ्या. तोंडाचा व्यास ३ सेंटिमीटर. १:७२ ला ते दोन मीटरहून जरा मोठं नॉझल होतं. १:३५० ला साडेदहा मीटरचं. १:१००० ला तीस मीटरचं, म्हणजे त्यात एखादी वाडी वसेल. चंद्राकडे निघालेल्या सॅटर्न-५ च्या तळाच्या इंजिनांची नॉझलं ३.७ मीटर व्यासाची होती. झाकण तेच, शेजारी दरवाजा केवढा काढता त्यावर सगळं. ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला डोक्यावरून संपता न संपणारं जे अजस्र जहाज जातं, त्याचं मॉडेल तीनेक फुटांचं होतं. ज्या इवल्याशा जहाजाचा ते पाठलाग करतं, त्याचं मॉडेल त्याच्या जवळजवळ दुप्पट. खिडक्या बारीक, झालं.

दुसरी गोष्ट चिकटवण्याची, आणि इथेच नवशिक्याची पहिली दोन यानं वाया जातात. सगळं प्लॅस्टिक एकसारखं नसतं. तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ते द्रावकाच्या गोंदाने अक्षरशः वितळून एकजीव होतं. कीबोर्डची बटणं बऱ्याचदा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची. ॲसिटोनचा पुसटसा हात फिरवला की तीही जुळतात. २ आणि ५, म्हणजे बाटल्यांची टोपणं, जेवणाचे पार्सल डबे, यांना कुठलाही साधा घरगुती गोंद धरत नाही. सुपरग्लू लावला तर संध्याकाळी घट्ट वाटतं, सकाळी टिचकीने निखळतं. आकडा नसेल तर भांडंभर पाणी घ्यायचं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून फसवत नाहीत. तुकडा सोडायचा. बुडाला तर बहुधा चिकटेल, तरंगला तर नाही. थर्माकोल याला अपवाद, तो असतोच तरंगायला. (६ नंबरचं फुकट प्लॅस्टिक पूर्वी लग्नाच्या पंगतीत चमच्यांच्या रूपाने ढिगाने मिळायचं. १ जुलै २०२२ पासून ते चमचे देशभर बंद झाले. पर्यावरणासाठी चांगलंच झालं, पण चमच्याच्या दांड्याइतका सुबक पंख पुन्हा मिळाला नाही, हे कुठेतरी नोंदवायला हवं.)

सुपरग्लूची आणखी एक खोड. बंद जागेत त्याची वाफ चकचकीत प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. मेहनतीने सोललेला तो स्ट्रिपचा घुमट एका रात्रीत मोतीबिंदू झाल्यासारखा होतो. काचेसारखे भाग म्हणूनच शेवटी, आणि पांढऱ्या फेविकॉलने. तो वाळला की पारदर्शक होतो. फटी भरायला एम-सील. दोन्ही वड्या समसमान घ्यायच्या, रंग एकसारखा होईपर्यंत मळायच्या. पट्टे राहिले तर तेवढा भाग कधीच घट्ट होत नाही. पहिल्या वीसेक मिनिटांत ओल्या बोटाने सारखं करून घ्यायचं. नंतर ते बोटाचं ऐकत नाही.

मग वरचे तुकडे. पाइप, डब्या, जाळ्या, ज्यांना काही अर्थ नाही पण ज्यांच्यामुळे यान कामाचं वाटतं. या छंदात त्यांना ग्रीबल म्हणतात. मराठीत नक्षी म्हणवत नाही, कारण नक्षी असते सुंदर दिसायला आणि हे असतं उपयोगी दिसायला. इथे हात आवरत नाही आणि यान सगळीकडून खरजेल्यासारखं होतं. तुकडे दाटीवाटीने दोन-तीन ठिकाणीच लावावेत: इंजिनाभोवती, सांध्यांत, पोटाखाली. बाकी अंग मोकळं. मोकळ्या जागेवर फार तर जुन्या व्हिजिटिंग कार्डाचे चौकोन कापून डकवायचे. तेवढी जाडी पत्रे जोडल्यासारखी दिसायला पुरते. आणि ओळखू येणारी वस्तू अखंड लावायची नाही. अर्धी कापा, उलटी करा, निम्मी आत बुडवा. पाहुण्याने ‘अय्या, हे तर टूथपेस्टचं टोपण!’ म्हटलं की तीन महिन्यांचं यान तिथल्या तिथे कोसळतं.

रंगाआधी साबणाने धुणं आलंच. बोटांचं तेल राहिलं तिथे रंग डोळे वटारतो. ४०० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने. मग गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानातलं राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा फवारा, २०-२५ सेंटिमीटरवरून, तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, दिसू द्यावा. एकाच हातात झाकायला गेलं की ओघळ. थर्माकोल असेल तर आधी फेविकॉल-पाण्याचे दोन-तीन लेप, नाहीतर फवाऱ्यातला द्रावक त्याला खाऊन टाकतो आणि यानाच्या जागी चाळण उरते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंगावर दुधी झाक येते.

आणि तरी सांगतो, या सगळ्या उद्योगात सरफेसरच्या दुसऱ्या हाताइतका सुखाचा क्षण नाही. तोवर समोर कचराच असतो: निळं टोपण, पिवळी नळी, ‘शिफ्ट’ लिहिलेलं बटण. दुसरा हात बसतो आणि सगळे एका जातीचे होतात. कोण कुठून आला ते पुसलं जातं. तिथे थांबलं तरी चालेल असं वाटतं. बरेच जण थांबतातही. कपाटावर राखाडी यानांचा ताफा असलेली घरं कमी नाहीत.

पुढे जाणाऱ्यांसाठी: काळा-तपकिरी ॲक्रिलिक रंग आठ-दहा पट पाण्यात, साबणाचा थेंब घालून, खाचांमध्ये सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. मग फिकट राखाडीत ब्रश बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त कडांवरून फिरवायचा. कडा उजळल्या की प्लॅस्टिकला वजन येतं.

दिवे लावायचे तर यान बंद करण्याआधी. साधी गोष्ट, पण दिवा लागत नाही हे पंख चिकटल्यावरच कळतं. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर पांढऱ्या एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर, मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर १५० चा, आणि प्रत्येक दिव्याला आपापला. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही खरेदी होते. आतून आधी काळा रंग द्यायचा, त्यावर पांढरा. काळा विसरलात तर दिवा लावल्यावर खिडक्या उजळत नाहीत, सगळं यानच आकाशकंदिलासारखं उजळतं. दिसतं छान, पण मग दारात टांगा. खिडक्यांसाठी जुन्या शोभेच्या दिव्यातले अर्ध्या मिलिमीटरचे प्रकाशतंतू चांगले. १:३५० ला ती साडेसतरा सेंटिमीटरची खिडकी होते. त्यांना सुपरग्लू लावू नये. तंतू ठिसूळ होतो आणि वाकवताना टचकन तुटतो.

वायरी कुठून बाहेर काढायच्या हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर १९६० च्या दशकातच देऊन ठेवलेलं आहे. ‘स्टार ट्रेक’च्या एंटरप्राइझ जहाजाचं चित्रीकरणाचं मॉडेल ११ फुटी होतं. दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने आत जात, म्हणून ती बाजू कधी पुरी रंगवलीच नाही. जहाज दिसायचं ते उजवीकडूनच. डावी बाजू हवीच असेल तर अक्षरं उलटी चिकटवून चित्रण करायचं आणि फिल्म पालटायची. १९७४ मध्ये ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेकडे गेलं, आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लोक त्याला नमस्कार केल्यासारखे उभे राहतात. गणपतीची आरास मागून पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटायचं नाही. पुढे शिशमहाल, मागे पुठ्ठा, सेलोटेप आणि एक्स्टेन्शनची वायर.

मराठी विज्ञानकथेला तर यानाची फारशी गरजच पडली नाही. नारळीकरांचे गंगाधरपंत ट्रकच्या धक्क्याने वेगळ्याच इतिहासात जाऊन पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. परत येतात तेव्हा पुरावा काय, तर खिशातलं बखरीचं एक फाटकं पान. ना दिवे, ना वायरी, ना नॉझल. असली गोष्ट वाचून डबा फेकून द्यावासा वाटतो, मिनिटभर.

बरं, ते झाकण. भांड्यात पाणी घेऊन साबणाचा थेंब टाकून सोडून पाहिलं. तरंगलं. मग तळाशी पाहिलं तर त्रिकोणात ५. चिकटणार नाही. गाड्यांच्या बंपरसाठी मिळणारा प्लॅस्टिक प्रायमर लावला तर रंग धरेल, आणि आतून भोक पाडून, तार ओवून, एम-सीलचा गोळा भरला तर जागेवर राहीलही. पण असं एकच आहे, आणि एका नॉझलचं यान केविलवाणं दिसतं. किमान तीन हवीत.

म्हणजे अजून दोन खोकले.