मावशीचं बक्षीसपत्र आणि प्रांतांपुढचा अर्ज: माझा अनुभव

मावशीवर घरात कुणी हात उगारला नव्हता. त्यामुळे यात छळ कुठे आहे, हेच आमच्या बहुतेक नातेवाइकांना दिसत नव्हतं.

ती सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता पेन्शन आहे. काका गेल्यावर तिने राहतं घर एकुलत्या एका मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. मुलाला राहतं घर द्यायचं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर अधिभार, म्हणून हा दस्त लोक फारसा विचार न करता करतात. मग एकेक गोष्ट बदलत गेली. एटीएम कार्ड मुलाकडे गेलं. मोबाइल दुरुस्तीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. अंथरूण मागच्या पडवीत आलं. मधुमेहाच्या गोळ्या संपल्या की आठवडा आठवडा तशाच. आम्ही भेटायला गेलो की मुलगा किंवा सून समोर बसून राहायची. प्रश्न मावशीला विचारायचा आणि उत्तर त्यांनी द्यायचं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. ज्याला कुणाशी एकट्याने बोलू दिलं जात नाही, त्या माणसाची काळजी करायलाच हवी.

एकटीला गाठायचं कसं? नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी मावशीला बँकेत आणणं मुलाला भागच होतं. मी आधीच तिथे जाऊन बसले. मुलगा गाडी लावायला गेला तेवढ्यात बँकेतल्या बाईंना सांगितलं, की मला मावशीशी पाच मिनिटं बोलायचंय. त्यांनी एक शब्द न विचारता आम्हाला आतल्या टेबलाशी बसवलं.

तिथे मी तिला एवढंच विचारलं, "तुला काय हवंय?" तिला काय करायला हवं ते मी सांगितलं नाही. ती म्हणाली, "माझे पैसे माझ्या हातात पाहिजेत. गोळ्या वेळेवर पाहिजेत. आणि अगं, कुणाशी तरी फोनवर बोलता आलं पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाली, "पण त्याला पोलिसांत नको देऊ." पुढचे सगळे महिने आम्ही या चार वाक्यांवर चाललो. ज्येष्ठाला टाकून देणं हा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. भावकीतले दोघेतिघे म्हणत होते की थेट तक्रारच करा. पण मावशी शुद्धीत आहे, तिला सगळं कळतं आणि तिचा जीव त्या क्षणी धोक्यात नव्हता. तिने नको म्हटल्यावर नाही म्हणजे नाही. तिच्या आयुष्याचा ताबा मुलाकडून काढून माझ्याकडे घ्यायचा असता, तर तिच्या दृष्टीने फरक काय पडला असता? जिवावर बेतलेलं असतं तर मात्र मी कुणालाही न विचारता ११२ ला फोन केला असता.

त्याच दिवशी बँकेत तिने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. जुनं एटीएम कार्ड बंद झालं, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलला, पासबुक भरून घेतलं. कुठलंही न्यायालय, कुठलंही कलम न लागता पेन्शन पुन्हा तिची झाली. पैशांची अडवणूक होत असेल तर पहिलं पाऊल बँकेत टाका, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

संध्याकाळी मी १४५६७ ला फोन केला. ही ज्येष्ठांसाठीची देशभरची मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि प्रांत कार्यालयातला अर्ज नीट समजावला. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा जो २००७ चा कायदा आहे, त्याखालच्या न्यायाधिकरणाचे पीठासीन अधिकारी आपल्याकडे उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत असतात. अर्ज ज्येष्ठाने स्वतः करायचा. त्याला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. कलम १७ प्रमाणे तिथे वकील उभा राहत नाही. काही उच्च न्यायालयांनी याबाबत वेगळी भूमिका घेतली आहे, पण आम्हाला वकिलाची गरज पडली नाही. दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाह भत्ता मिळू शकतो. मावशीला भत्ता नको होता. तिला कलम २३ हवं होतं.

हे कलम प्रत्येक घरात माहीत असायला हवं. सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं धरलं जातं आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकतं. सगळं अडतं ते 'अट' या शब्दापाशी. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अट होती हे दिसलं पाहिजे, नुसता सांभाळ केला नाही एवढं पुरत नाही. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्याचा आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा. घराचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं, हेही त्यात आलं. आमच्या नशिबाने दस्तलेखकाने बक्षीसपत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ घातली होती: लिहून घेणाऱ्याने लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ, औषधपाणी करावयाचे आहे. दस्ताची नोंदणी होते त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढून ती ओळ वाचली तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून रडले. तुमच्या घरी असा दस्त होणार असेल, तर ही ओळ आहे ना, हे सही करण्याआधी बघा.

अर्जाला जोडलेले कागद असे: आधार, वयाचा पुरावा, बक्षीसपत्राची नक्कल, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), बँकेचा उतारा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. या चिठ्ठीचा फार उपयोग झाला, कारण वजन किती उतरलं आणि साखर किती वाढली हे तारखेसह त्यात होतं. त्याशिवाय मी माझं एक वेगळं निवेदन दिलं, की या मिळकतीत मला काडीचा हक्क नाही आणि नको आहे. मावसभाऊ काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. त्याने आपल्या लेखी म्हणण्यात तेच लिहिलं, "हिलाच घर हवं आहे."

अर्जापेक्षा जास्त विचार आम्ही नोटीस निघाल्यानंतरच्या दिवसांचा केला. सामनेवाल्याच्या हातात नोटीस पडते आणि अर्जदार रात्री त्याच छताखाली झोपायला जातो. हाच सगळ्यात धोक्याचा काळ. मी मावशीला माझ्याकडे चल म्हटलं, ती म्हणाली, "मी माझ्या घरातून हलणार नाही." मग तिच्या घरातच बंदोबस्त केला. साधा बटणांचा फोन घेतला, तो शेजारच्या काकूंकडे चार्ज व्हायचा. रोज दुपारी फोन ठरलेला. तिने शेवग्याच्या शेंगांचा विषय काढला की मी ताबडतोब निघायचं. दस्तऐवज आणि उरलेले दोन दागिने बँकेत ठेवले. गोळ्यांचा एक जादा डबा काकूंच्या फ्रिजवर. पोलीस ठाण्यात हद्दीतल्या ज्येष्ठांची यादी ठेवणं आणि वेळोवेळी त्यांना भेट देणं राज्याच्या नियमांत अपेक्षित आहे. आम्ही तिचं नाव त्या यादीत लेखी अर्ज देऊन घालून घेतलं आणि पोच घेतली. बीट अंमलदार अधूनमधून येऊन "बाई, कसं काय" एवढंच विचारायचे. तेवढ्याने घरातला आवाज उतरला.

पहिली पायरी सलोख्याची होती. सलोखा अधिकाऱ्यांसमोर सगळे एका टेबलाशी बसले तेव्हा मावशी खाली मान घालून "माझं काही म्हणणं नाही" म्हणाली. मी विनंती केली की तिचं म्हणणं एकटीला घेऊन ऐका, मीही बाहेर जाते. त्यांनी ऐकलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि रोजनाम्यावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीवर, तिने चांगल्या वळणदार अक्षरात सही केली. सुनेचं म्हणणंही मला तिथेच पहिल्यांदा पूर्ण ऐकायला मिळालं. कर्ज, नवऱ्याचं बंद पडलेलं दुकान, सासूचं पथ्यपाणी, सगळं तिच्या एकटीवर. त्यात खोटं काही नव्हतं. त्याने गोळ्या न देणं माफ होत नाही, पण समोर राक्षस बसलेले नाहीत हे कळल्यावर आमची भाषा बदलली.

समेट झाला नाही. कायद्यात ९० दिवस आणि अपवाद म्हणून आणखी ३० लिहिलेले आहेत. आमचं प्रकरण त्याच्याही पुढे गेलं. प्रत्येक तारखेला मावशीला जिने चढवून न्यावं लागायचं. शेवटी आदेश आला: बक्षीसपत्र रद्द, घर मावशीचं, औषधोपचारात आणि ये-जा करण्यात अडथळा आणायचा नाही. मुलाला घराबाहेर काढण्याबद्दल प्रांतांनी तिला थेट विचारलं. ती म्हणाली, "नातीची दहावी आहे. परीक्षा होईपर्यंत राहू देत." तेही आदेशात नोंदलं गेलं.

आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करण्याचा हक्क कायद्याच्या शब्दांत ज्येष्ठाला आहे; मुलांना तो आहे का, यावर न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. मुलाने काही केलं नाही. प्रमाणित प्रती आम्ही दुय्यम निबंधक, नगर भूमापन कार्यालय, पोलीस ठाणे आणि बँक अशा चारही ठिकाणी दिल्या. मिळकत पत्रिकेवर मावशीचं नाव परत चढेपर्यंत मागे लागावं लागलं, कारण आदेश झाला म्हणून नोंद आपोआप होत नाही.

मावसभाऊ उन्हाळ्यात भाड्याच्या घरात गेला. नात रविवारी येते, कधी राहते. मावशी पुढच्या खोलीत झोपते, साखर आटोक्यात आहे. पुन्हा बक्षीसपत्र करायचं नाही, करायचंच तर मृत्युपत्र करीन, ते जिवंत असेपर्यंत बदलता येतं, असं ती म्हणाली. वकिलांकडे ती शेजारच्या काकूंबरोबर जाऊन आली. त्यात काय लिहिलंय ते मी विचारलेलं नाही.